एअरटाइट बरण्यांतही दर पावसाळ्यात किडे होतात? बरण्या बदलायच्या आधी हे बघा

नव्या बरण्या आणल्या, किचनचं कपाट छान लावलं, लेबलं चिकटवली, उन्हाळ्यात सगळं भरून टाकलं, आणि पंचमी झाली न झाली की हरभऱ्यात भुंगे, रव्यात जाळी, तांदळात सोंडे. मग सगळं परत बाहेर, चाळा, निवडा, बरण्या धुवा, परत भरा, आणि दिवाळीला रवा काढायला गेलं की परत तेच. "एवढ्या महागाच्या बरण्या घेतल्या तरी किडे होतेतच की" हे मी इथं परभणीत इतक्या जणींकडून ऐकलंय की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहावं, कारण हा त्रास खरंच जातो, फक्त बरणी बदलून जात नाही.

आपल्या मराठवाड्यात हे जास्त होतं कारण आपण अजून वर्षाचं भरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी, नवा हरभरा, तुरीची नवी डाळ, मग गहू, कुणाचं पोतं गावाकडून येतं, कुणी मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून घेतं. पूर्वी त्यासाठी वेगळी कोठीची खोली असायची, आता फ्लॅटमध्ये ते सगळं ओट्याखालच्या ट्रॉलीत, वरच्या कपाटात आणि उरलेलं बाल्कनीतल्या पिंपात जातं. धान्य वर्षाचं आणि जागा महिन्याची, त्यामुळं कुठंतरी गडबड होतेच.

आता मुद्द्याची गोष्ट. एअरटाइट बरणी कीड अडवते, मारत नाही. झाकण घट्ट असेल तर बाहेरचा किडा आत जाणार नाही हे बरोबर, पण जो किडा किंवा जी अंडी धान्याबरोबरच आत गेली त्यांना ती बरणी मस्त बंद घर होऊन बसते. म्हणून बरणीत काय गेलं, कसं गेलं आणि बरणीच्या आजूबाजूला काय आहे, हे तीन बघितल्याशिवाय कितीही भारी बरणी घ्या, काही फरक पडत नाही.

पहिलं काम म्हणजे किडा कोणता ते ओळखा. सरसकट "किडे लागले" म्हणून सगळं कपाट उन्हात टाकण्यापेक्षा एका पांढऱ्या ताटलीत मूठभर धान्य पसरा, खिडकीपाशी उजेडात ठेवा आणि दहा मिनिटं बघत बसा, आपोआप हलायला लागतात.

हरभरा, मूग, मटकी, चवळी, अख्खी तूर यात गोलमटोल तपकिरी भुंगा असेल आणि दाण्याला गोल भोक असेल तर तो कडधान्याचा भुंगा. भोक नसलेले दाणेही जरा जवळून बघा, सालीवर पांढरा बारीक ठिपका चिकटलेला दिसतो, खसखशीपेक्षाही लहान, नखानं खरवडला तरी सहज निघत नाही. ते अंडं. अळी त्यातून थेट दाण्यात शिरते आणि आतलं खाऊन भुंगा होऊनच बाहेर पडते, आणि ते गोल भोक म्हणजे त्याचं बाहेर यायचं दार. ही कीड बरेचदा शेतातच शेंगेवर लागते, म्हणजे तुमच्या कपाटाचा काही दोष नाही, ती पोत्याबरोबरच घरात आली. एक मादी शंभरेक अंडी घालू शकते आणि आपल्याकडच्या उकाड्यात महिन्याभरात पुढची पिढी तयार, त्यामुळं मार्चमध्ये एखाद-दुसरा ठिपका असलेला हरभरा श्रावणात पार भुगा झालेला असतो.

तांदूळ, गहू, ज्वारी यात पुढं सोंड असलेला काळपट बारीक किडा म्हणजे सोंडे, काही जण टोके म्हणतात तर काही पोरकिडे. याची मादी दाण्याला सोंडेनं भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवून टाकते. म्हणून तांदूळ कितीही निवडून भरला तरी तो स्वच्छच दिसतो आणि महिना-सव्वा महिन्यानं अचानक किडे "कुठून आले" कळत नाही. ते आतच होते.

रवा, मैदा, बेसन, पीठ, दलिया यात तांबूस चपटे बारीक किडे फिरत असतील तर तो पिठातला तांबडा भुंगा. हा अख्ख्या दाण्याला फारसं काही करू शकत नाही, याला भुगा लागतो, म्हणून कणी जास्त असलेल्या तांदळात तो आधी दिसतो. आणि रव्यात, शेंगदाण्यात, तांदळात धाग्यांची जाळी होऊन गोळे धरले असतील तर ती पतंगाची अळी आहे. जाळी दिसली की कपाटाचं छत आणि कोपरे बघा, अळी कोष करायला बरणीतून बाहेर पडून चढत जाते आणि तिथं पांढरट कोष चिकटलेले सापडतात. संध्याकाळी किचनमध्ये राखाडी छोटे पतंग भिरभिरत असतील तर ते दिव्याचे किडे म्हणून सोडून देऊ नका. हळकुंड, धने, मिरचीपूड, मसाला यातला तपकिरी बारीक किडा आणखी वेगळा, त्याचं पुढं सांगते.

हे ओळखलं की कधी आला हेही लावता येतं. भरून ठेवलेली, मधे एकदाही न उघडलेली बरणी आणि महिन्या-दीड महिन्यात किडे, म्हणजे ते धान्याबरोबर आले. चार महिने चांगलं राहिलेलं, रोज उघडझाप होणारी बरणी आणि मग किडे, म्हणजे ते तुमच्या किचनमधून आले, शेजारच्या डब्यातून नाहीतर कपाटातून. पहिल्या बाबतीत भरण्याची पद्धत सुधारायची, दुसऱ्या बाबतीत कपाट. बहुतेक घरांत दोन्ही असतं ते सोडा, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

भरण्याची पद्धत म्हणजे आधी वाळवणं. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजून तुटला पाहिजे, दबला किंवा चिकट लागला तर ओल आहे, असं धान्य बंद बरणीत भरलं तर किडे तर होतातच, वर कुबट वास आणि बुरशी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, ते ऊन फुकट घालवू नका. गच्चीवर पातळ पसरायचं, ढीग नाही, बोटाच्या पेरापेक्षा जाड थर नको, आणि दुपारी दोन-तीनदा हात फिरवायचा. नुसत्या उन्हात मोठे किडे पळून जातात पण दाण्याच्या आतली अळी वाचू शकते. कडधान्याचा भुंगा जाता जात नसेल तर काळं प्लास्टिक खाली, त्यावर वाळलेलं कडधान्य पातळ पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दगडांनी दाबून भर दुपारी दोन-तीन तास ठेवा, आत उष्णता ६० अंशांच्या आसपास जाते आणि अंडी-अळ्या सगळंच मरतं. नंतर प्लास्टिक काढून मोकळं होऊ द्या. पेरणीचं बियाणं मात्र यात टाकू नका, ते वेगळं ठेवा.

तांदळाला हे चालत नाही. कडक उन्हात तांदळाच्या दाण्याला चिरा पडतात, मग कणी होते आणि कणी झाली की तांबड्या भुंग्याची सोय. तांदूळ सावलीत, पंख्याखाली पसरा नाहीतर फ्रीझरमध्ये टाका.

आणि आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. उन्हातून गोळा केलं की घाईघाईनं तसंच गरम भरून झाकण लावायचं नाही. रात्री बरणी गार होते, आतली वाफ झाकणाला आणि काचेला धरते आणि वरचा थर ओला होतो. संध्याकाळी धान्य घरात चादरीवर पसरा, वरून दुसरी चादर टाका म्हणजे पाल-झुरळ नको, पूर्ण गार झालं की भरा. रात्रभर गच्चीवर उघडं ठेवू नका, हवेतली ओल परत ओढून घेतं.

गिरणीच्या पिठाचं तर डोळ्यांदेखत दिसतं. ज्वारीचं पीठ दळून आणलं की डब्याला हात लावून बघा, चांगलं गरम असतं. तसंच झाकण लावून कपाटात ठेवलं आणि दोन तासांनी उघडलं तर झाकणाच्या आत बारीक थेंब दिसतात, ते थेंब पिठात पडतात, तिथं सुपारीएवढे गोळे धरतात आणि तोच भाग आधी आंबूस होतो. घरी आल्यावर पीठ परातीत पसरा, कोमट लागायचं बंद झालं की भरा. ज्वारी-बाजरीचं पीठ मुळात जास्त भरूच नये. बाजरीचं तर थोड्याच दिवसांत कडवट होतं, तो किडा नसतो, तिच्यातलं तेल खराब होतं, त्यामुळं कितीही चांगल्या बरणीत ठेवलं तरी होणारच. आठवड्याला पुरेल एवढंच दळून आणायचं, याला दुसरा इलाज नाही.

आता बरणी. स्क्रूच्या झाकणाची असेल तर झाकण उलटं करून उजेडात धरा. आतल्या आट्यांमध्ये पिठाची बारीक रेघ बसलेली असते, ओलं बोट फिरवलं की निघते. चिमट्याची काचेची बरणी असेल तर सिलिकॉनची रिंग नखानं उचलून बाहेर काढा, तिच्याखालच्या खाचेत काय काय सापडतं ते बघून घ्या, जुना रवा, भुसा, कधी जिवंत तांबडा भुंगा. बरणी घासली जाते, रिंग महिनोन् महिने कुणी काढत नाही, आणि मग नव्या मालाला पहिल्याच दिवशी जुनी कीड. बरणी, झाकण, रिंग तिन्ही वेगवेगळे धुवायचे, आट्यांना जुना टूथब्रश लावायचा.

धुतल्यावर वाळवणंही नीट. सपाट ओट्यावर बरणी पालथी घातली की आतली वाफ आतच कोंडते, पाणी निथळलं की उताणी करून उन्हात ठेवा, पावसाळा असेल तर पंख्याखाली एक अख्खी रात्र. प्लास्टिकची बरणी वरून कोरडी दिसते पण आट्यात पाणी असतं, पेपरची कड घालून बघा, ओली झाली की समजायचं.

झाकण खरंच घट्ट आहे का हे दुकानदाराला विचारून कळत नाही. रिकामी बरणी बंद करून बादलीतल्या पाण्यात पूर्ण दाबून धरा, झाकणाच्या कडेनं बुडबुडे आले तर ती एअरटाइट नाही. आत कोरडा टिश्यू ठेवला तर आणखी पक्कं कळतं. या परीक्षेत दिसायला सुंदर, लाकडी किंवा बांबूच्या झाकणाच्या कितीतरी बरण्या नापास होतात, आणि मालाबरोबर आलेल्या साध्या जाड प्लास्टिकच्या काही बरण्या आरामात पास होतात. नापास झालेल्या फेकायची गरज नाही, त्यात खडीसाखर, चहा मसाल्याची पाकिटं, मेणबत्त्या काहीही ठेवा, धान्य नको. स्टीलचे डबे दिसायला मजबूत असले तरी त्यांचं नुसतं दाबून बसणारं झाकण बहुतेक वेळा हवाबंद नसतं, ते रोजच्या वापरातल्या आठवड्याभराच्या मालाला उत्तम.

भरताना काठोकाठ भरा. हे मी फार जोर देऊन सांगते कारण याच्यामागं आपल्याच भागातलं जुनं शहाणपण आहे. गावाकडं ज्वारी पेवात भरायचे, जमिनीखाली खोल खड्डा, तळाला-कडेला कडबा किंवा भुसा, ज्वारी तोंडापर्यंत भरून वरून मातीनं लिंपून बंद. आतली हवा धान्य आणि असलेले किडे मिळून संपवून टाकायचे आणि मग किडेच मरायचे. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा जीवघेणी असते, माणसं गेलीत त्यात. बरणीचंही तेच गणित आहे. तोंडापर्यंत भरलेल्या आणि पक्क्या बंद बरणीत किड्याला हवा कमी पडते, अर्ध्या रिकाम्या बरणीत त्याला महिनोन् महिने पुरेल एवढी हवा असते, आणि रोज झाकण उघडून आपण ती परत भरून देतो.

म्हणून पाच किलोच्या एका मोठ्या बरणीपेक्षा एक-एक किलोच्या पाच बरण्या बऱ्या. चार भरून बंद, एक चालू. चालू संपली की पुढची उघडायची. एकीत किडे निघाले तरी बाकीच्या चार वाचतात, आणि ट्रॉलीत चौकोनी एक किलोच्या बरण्या गोलपेक्षा जास्त मावतात.

आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही. मला विचाराल तर दरवर्षी परत परत होणाऱ्या किड्यांचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, कारण तळाशी मूठभर जुनी डाळ राहते, वरून नवी ओततो, वापरताना वरचीच काढतो, आणि ती तळाची मूठ दोन-दोन वर्षं तिथंच, तिच्यात भुसा, अंडी, सगळं. उरलेलं एका वाटीत काढा, बरणी रिकामी, पुसून कोरडी करा, नवं भरा, आणि वाटीतलं आधी संपवा. लेबलवर नावाबरोबर भरल्याचा महिना लिहा, आणि लेबल झाकणावर नको, बरणीच्या अंगावर लावा, झाकणं घासताना अदलाबदल होतात आणि मग मुगाच्या बरणीवर "मटकी, मार्च" राहतं.

पोतं किचनमध्ये आणूच नका. गोणपाटाच्या विणीत किडे आणि कोष असतात, पोतं बाल्कनीत किंवा अंगणात रिकामं करायचं आणि तिथूनच झटकून बाहेर. तोच बारदाना पुढच्या वर्षी वापरणार असाल तर उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा.

कपाटाकडं येऊ. मॉड्युलर कपाटात फळी वरखाली करायला दोन्ही बाजूंना छोट्या भोकांची ओळ असते बघा. टॉर्च लावून ती भोकं बघा, अर्ध्यांत पीठ साचलेलं असतं. तसंच फळीखाली घातलेला पेपर, त्याच्या घड्या, बिजागरीची वाटी, ट्रॉलीच्या चाकांची पट्टी, ही किड्यांची खरी घरं. बरण्या चकाचक आणि पेपरखाली सांडलेला रवा, असं असेल तर कितीही धुवा. पेपर काढून टाका, भोकं काडीनं किंवा कोरड्या ब्रशनं साफ करा, व्हॅक्यूम असेल तर छानच. ओल्या फडक्यानं पुसलं तर दारं उघडी टाकून दुपारभर पंखा लावा, ओलं प्लायवूड बंद केलं तर वेगळाच त्रास सुरू.

जागाही बघा. गॅसच्या बरोबर वरचं कपाट धान्याला सगळ्यात वाईट, कुकरची वाफ रोज तिथंच जाते. सिंकखालचं तर नकोच. ज्या भिंतीपलीकडं बाथरूम आहे किंवा पावसाचा मारा बसतो त्या भिंतीला हात लावून बघा, गार-दमट लागली तर बरण्या चार बोटं पुढं ओढा किंवा तिथं भांडी ठेवा आणि धान्य दुसरीकडं न्या. मीठ, साखर, गूळ यांना पाणी सुटतं तेही याच जागांवर, त्यात किड्याचा संबंध नाही, नुसती ओल. मिठाला स्टीलचा डबा नको, काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या.

मसाल्याचं सांगते म्हटलं होतं. काळा मसाला, येसर, हळद, मिरचीपूड यांना गोळे धरतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, उकळत्या आमटीच्या पातेल्यावर बरणी धरून आपण चमचा घालतो आणि वाफ सरळ आत जाते. येसरात भाजलेल्या गव्हाचं आणि डाळींचं पीठ असतं, ते वाफ लगेच ओढतं. वाटीत काढून घ्या आणि बरणी लगेच बंद. वर्षाचा मसाला एकाच मोठ्या बरणीत न ठेवता महिन्याचा बाहेर, बाकीचा छोट्या घट्ट बरण्यांत फ्रीजमध्ये. फ्रीजमधली बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका, गार बरणीत बाहेरची दमट हवा शिरली की पाणी धरतं, तासभर तशीच बंद राहू द्या. हळकुंड आणि धने अख्खे ठेवले तरी त्यांनाही तो तपकिरी किडा लागतो, हिंगाचा खडा ठेवून तो मरत नाही, वाळवणं आणि थंडी यालाच तो ऐकतो.

फ्रीझरचा उपाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना खरंच सोयीचा आहे. किलो-दोन किलोची पाकिटं नीट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस, अंड्यांसकट सगळं मरतं. लाइट जात असेल तर दोन-तीन दिवस जास्त ठेवा, फ्रीझर सारखा वितळत असेल तर उपयोग नाही. खालच्या कप्प्यात ठेवून किडे मरत नाहीत, नुसते सुस्त होतात, बाहेर काढलं की परत सुरू. रवा-मैदा-बेसन घरी आणलं की सरळ फ्रीझरमधून काढूनच बरणीत भरायची सवय लावा, रवा आधीच कोरडा भाजून पूर्ण गार करून भरला तरी चालतो.

घरगुती उपायांबद्दल थोडं स्पष्ट सांगायला पाहिजे. कडुनिंबाचा पाला चांगला, पण सावलीत अगदी कुरकुरीत वाळवलेला, ताजा हिरवा पाला टाकला तर त्याचंच पाणी धान्याला लागतं. आणि त्यानं नवा किडा लांब राहायला मदत होते, दाण्याच्या आत असलेली अळी तो काढत नाही. तेजपान, लवंग, लाल मिरची याचं काम त्याहून कमी. अख्ख्या कडधान्याला एरंडेल किंवा गोडेतेल चोळणं मात्र खरंच काम करतं, किलोला एक छोटा चमचा, दाण्यादाण्याला लागेल असं हातानं चोळायचं, तेलाच्या थरानं अंड्याला हवा मिळत नाही. तुरीची तर डाळ करूनच ठेवलेली बरी, भुंग्याला अख्खा दाणा आवडतो, भरडून केलेली डाळ त्यामानानं पुष्कळ टिकते. मूग-मटकी उसळीला अख्खीच लागते, तिला तेल लावा नाहीतर राखेत ठेवा, गावाकडं शेणाच्या गोवऱ्यांची चाळलेली राख मिसळायचे, ती पद्धत अजूनही चांगली आहे, फक्त ट्रॉलीत जरा पसारा होतो.

तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. कृपा करून सोडा ती. धुतलं की निघून जाते म्हणतात पण सगळी निघतेच असं नाही, आणि घरात लहान लेकरं असतात. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मिळतात त्या तर घरात आणायच्याच नाहीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून फॉस्फीन नावाचा वायू निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात, अधूनमधून अशी बातमी येते. कोठी मोठी असेल, पोत्यांनी धान्य असेल, तर आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जाऊन विचारा, ते नीट सांगतात, पण ही गोळी स्वतःच्या हातानं राहत्या घरात टाकायची नाही म्हणजे नाही.

किडे लागलेलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं? थोडे सोंडे असलेला तांदूळ, गहू चाळून, फ्रीझर करून, धुऊन खायला हरकत नाही. पीठ-रव्यात जाळी किंवा उग्र वास असेल तर टाका. बुरशी धरलेले शेंगदाणे, काळपट-हिरवट किंवा कडू लागणारे, ते निवडून उरलेले वापरू असं करू नका, त्या बुरशीचं विष भाजून जात नाही. शेंगदाणे नुसते खवट झाले असतील तर ती तेलाची गोष्ट आहे, त्यावर एकच, कमी आणा आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा.

एवढं सगळं करूनही परत किडे आले तर ते बरण्यांत शोधू नका, बरणीबाहेरचं विसरलेलं धान्य शोधा. ओटीचे तांदूळ-गहू आधी बघा. हळदीकुंकवाला, लग्नाला, डोहाळजेवणाला भरलेल्या ओट्यांच्या छोट्या छोट्या पिशव्या देवघराखाली, कपाटाच्या मागं, साड्यांच्या शेजारी साचत जातात आणि वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. मग देवघरातली अक्षतांची डबी, माळ्यावरचा शेवया-कुरडयांचा डबा, पाखरांसाठी आणलेली बाजरी, पाहुण्यांनी दिलेल्या सुक्यामेव्याचं अर्धं पाकीट, मिक्सरच्या बैठकीखाली पडलेलं पीठ. हे सगळं एकाच दिवशी बाहेर काढा, लागलेलं आहे ते पाखरांना नाहीतर गाई-गुरांना द्या, बुरशी आलेलं मात्र कुणालाच देऊ नका, चांगलं आहे ते फ्रीझरमध्ये टाका, कपाट साफ करून एक दिवस रिकामं राहू द्या, आणि मगच बरण्या भरा.